तिघांचा फोटो

निवृत्त झाल्यावर माणूस एकतर भजनाला लागतो, नाहीतर शेअर बाजाराच्या नादी. मी कॅमेरा घेतला. बायको म्हणाली, "फोनमध्ये आहे की कॅमेरा." तिला लेन्सची थोरवी समजावण्यात माझा अर्धा रविवार गेला, आणि उरलेला अर्धा ती माझ्याशी बोलली नाही.

सकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून मी नेटमध्ये क्रिकेट खेळणारी पोरं आणि फिरायला आलेली जोडपी टिपायचो. दुपारी इंटरनेटवर धडे गिरवायचो. त्यातला एक धडा माझ्या स्वभावाला फारच मानवला: चौकटीत नको ते ठेवू नका. जन्मभर हेडक्लार्कच्या खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या मसुद्यांवर काट मारलेला माणूस मी. मला दुसरं काय हवं होतं? संगणकावर बसून मी प्रत्येक फोटोतून काही ना काही कापू लागलो. लोंबणारी वायर, कुणाचं तरी कोपर, अर्धी टॅक्सी. कापलं की फोटो नीटनेटका दिसायचा आणि मला बरं वाटायचं.

माझी ताई गिरगावात, आमच्या जुन्या चाळीतल्या खोलीत एकटी राहायची. तिने लग्न केलं नाही. शाळेतली नोकरी सांभाळून आईवडिलांचं सगळं तिनेच केलं. दादा बंगलोरला मुलाकडे आणि मी दादरला, त्यामुळे आम्ही भावंडं एकत्र यायचो ती गणपतीत. आता घरातली जुनी अशी आम्ही तिघंच उरलो होतो, आणि आम्हा तिघांचा एकत्र असा एकही फोटो नव्हता. आमच्याकडे तिघांचा फोटो काढत नाहीत. अपशकुन! लहानपणी फोटो काढायची वेळ आली की शेजारचं एखादं पोर ओढून आणून आमच्यात उभं करायचे. आमच्या अल्बममध्ये अशी कितीतरी पोरं आहेत, कुणाची कोण ते आता कुणालाच सांगता येत नाही.

दादा थकला होता. पुढच्या गणपतीला त्याला प्रवास झेपेल की नाही, काही खरं नव्हतं. म्हणून विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी कॅमेरा स्टँडवर लावला आणि दोघांना गॅलरीत उभं केलं. ताई लगेच म्हणाली, "तिघांचा नको हं."

"अगं ताई, कुठल्या जमान्यात आहेस तू?"

"ज्या जमान्यात आहे त्या जमान्यात. चौथं कुणीतरी बोलव."

चौथं माणूस दारातच बसलेलं होतं. गणपती गेले की आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी मासे लागतात, आणि ताईची नेहमीची कोळीण पाटी घेऊन आली होती. कोलंबी सोलता सोलता ती आमची भांडणं ऐकत होती. ताईने हाक मारल्यावर ती आधी लाजली. मग मोरीवर जाऊन हात साबणाने चोळून चोळून धुतले, पदर सारखा केला आणि ताईच्या शेजारी येऊन उभी राहिली. मी टायमर लावून धावत दादाच्या बाजूला गेलो. फोटो सुरेख आला. कोळणीने ताईच्या खांद्यावर हात टाकला होता आणि ताई हसत होती.

घरी येऊन मी तो संगणकावर उघडला. कोळीण अगदी कडेलाच होती. मी तिला कापलं. खरं सांगतो, मनात जराही काही आलं नाही. हा आम्हा भावंडांचा फोटो, त्यात ही कशाला, इतकंच वाटलं. तिचा हात मात्र ताईच्या खांद्यावर राहिला. तो काढायला गेलो तर ताईचा खांदाच बिघडत होता, म्हणून तो तसाच ठेवला. मग मूळ फोटोवरच सेव्ह केलं, आणि कॅमेऱ्यातलं कार्ड पुसून मोकळं केलं. टापटीप!

भाऊबीजेला तो फोटो मी फ्रेम करून ताईला ओवाळणीत घातला. तिने कागद सोडला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ती कुठे गेली?"

"ती आपल्या घरातली थोडीच आहे?" मी हसत म्हणालो.

ताईने फ्रेम कपाटात साड्यांखाली ठेवून दिली. मला राग आला. एवढ्या हौसेने केलेली वस्तू भिंतीवर लावायची सोडून ही तिघांच्या अपशकुनाला घाबरून लपवून ठेवते, असं मला वाटलं. घरी येऊन बायकोपाशी मी तिच्या अडाणीपणाची यथेच्छ टवाळी केली.

होळीच्या सुमाराला ताई झोपेतच गेली. वय झालं होतं. फोटोत तीन माणसं आली म्हणून कुणी जात नाही, हे मला आजही पक्कं माहीत आहे.

खोली आवरायला मी एकटाच गेलो होतो. साड्या उपसताना फ्रेम हाताला लागली. ती बाजूला ठेवतोय तोच दारात पाटी उतरल्याचा आवाज झाला. कोळीण होती. आत न येता ती उंबऱ्याशी बसली आणि रडली. मी तिला पाणी दिलं. जरा वेळाने डोळे पुसून ती म्हणाली, "भाऊ, आमचा फोटू झाला का?"

मी फ्रेम पालथी घातली.

"बायला मी दर खेपेला विचारायची. ती बोलायची, भावाकडं हाय, तुझा चेहरा जरा काळा आलाय, तो साफ करतोय. घाई करू नको, चांगला करून देईल."

म्हणजे साड्यांखाली फ्रेम गेली ती अपशकुनाला भिऊन नव्हे. या बाईची नजर त्यावर पडू नये म्हणून गेली. इतके महिने ताई माझ्यासाठी खोटं बोलत राहिली, आणि त्या खोट्यातसुद्धा तिने मला चांगलं ठरवलं होतं. मी मात्र तिची टवाळी करत होतो. मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

"कॅमेरा आणलाय," मी कसाबसा म्हणालो. "थांबा, आत्ता तुमचा एक छान काढतो."

"एकटीचा घेऊन काय करू, भाऊ?" ती पाटी उचलत म्हणाली. "बायबरोबरचा हाय ना, तोच दे. सावकाश दे."

मी हो म्हणालो.