दोन दारांपुढचं एक अंगण

सुरुवातीलाच माफी मागते. माझी शाळा चौथीत सुटली. अक्षर कोंबडीच्या पायासारखं, आणि कुठं पहिली वेलांटी द्यायची नि कुठं दुसरी, ते मला अजून कळत नाही. जो कुणी वाचेल त्यानं समजून घ्यावं. आक्काच्या दहाव्याला नदीवर माणसं बोलायला उभी राहिली. कुणी म्हणालं कष्टाळू होती, कुणी म्हणालं सोशिक होती. खरंच होतं ते. पण असं तर गावातल्या कुठल्याही बाईला म्हणता येतं... अंगणाचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. मी बायकांत मागं बसले होते. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो. म्हणून घरी येऊन हे लिहायला घेतलं.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. ती गेली तेव्हा मी औंधला माहेरी होते. आईचे डोळे दाखवायचे होते. आदल्या दिवशी सांगलीच्या दवाखान्यात आक्काला बघितलं आणि तिथूनच एसटीनं पुढं गेले. पोटातलं पाणी काढलेलं, चेहरा उतरलेला, पण बोलत होती. ‘जा तू, आईकडं बघून ये. मी कुटं पळून चाललीया व्हय?’ म्हणाली. सकाळी चहा टाकत होते तेव्हा आमच्या मालकांचा फोन आला.  म्हणाले, ‘वैनी गेली गं.’ आणि रडायला लागले. मागून आणखी कुणीतरी रडत होतं. तो आवाज माझ्या थोरल्या दिरांचा, भाऊजींचा होता. दोघं भाऊ एका जागी आहेत हे कळलं आणि तसल्या वेळीही मला थोडा धीर आला. का, ते सांगायला जरा मागं जावं लागेल.

आमचं गाव आष्ट्याजवळ. सासऱ्यांनी माणच्या दुष्काळी मुलखातली मेंढरं विकून इथं जमीन घेतली आणि ऊस लावला. आक्का दहिवडीकडची, म्हणजे माणातलीच. तिचा भाऊ बिरू अजून मेंढरं राखतो. सासरे गेल्यावर वाटणी झाली आणि विहिरीवरच्या मोटारीच्या पाळीवरून दोघा भावांत शब्दाला शब्द लागला. बोलणं बंद झालं. घर मधोमध वाटलं, एकाची दोन दारं झाली, चुली वेगळ्या झाल्या. राहिलं अंगण. अंगण कसलं, वर्षानुवर्षं मळणी करून आणि ट्रॅक्टर फिरवून दगडासारखी झालेली जमीन. एक तुळस सोडली तर हिरवं पान नाही. भाऊजींनी ठरवलं, मधून भिंत घालायची. विटांची ट्रॉली येऊन पडली, फक्की टाकून रेघसुद्धा मारली. मी दारात उभी राहून ती पांढरी रेघ बघत होते. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी मोकळं बोलले असेन तर एका आक्काशी. पीठ मागायच्या निमित्तानं, निवडण-टिपण करताना, कपडे वाळत घालताना... भिंत उभी राहिली की ते सगळं संपणार होतं. भाऊजींनी आम्हाला त्यांच्या दारात येऊ दिलं नसतं आणि आमच्या मालकांनी मला जाऊ दिलं नसतं.

आक्का भांडली नाही, रडली नाही. गवंड्याला चहा दिला आणि भाऊजींना म्हणाली, ‘भित घाला की. म्या न्हाई कुटं म्हनलं? पर बिरू मेंढरं घिऊन आलाय, आधी ती अंगणात बसूंद्या. जागा खताची हुईल. मग काय घालायचं ते घाला.’ आमच्याकडं मोकळ्या रानात मेंढरं बसवतात. कळप रात्रभर एका जागी राहिला की लेंड्यांचं खत आपोआप पडतं, आणि त्याबद्दल मेंढक्याला धान्य द्यायचं असतं. पण घरापुढच्या अंगणात मेंढरं बसवलेली कुणी ऐकली नव्हती. भाऊजी म्हणाले, ‘तुज्या दिराला इचार. निम्मं त्येचं हाय.’ तो दीर तिथंच ओट्यावर विडा करत बसलेला! आक्कानं मला विचारलं, मी मालकांना विचारलं. मालक भाऊजींना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले, ‘त्येला सांग, माजी काय ना न्हाई. पर मेंढरं माज्या निम्म्यात जास्त घाण करतील, त्येचं काय?’ भाऊजी आक्काला म्हणाले, ‘त्येला सांग, मेंढराला वाटणी कळती व्हय?’ आक्का पदर तोंडाला लावून आत पळाली. मला वाटलं रडतीय. आत जाऊन बघते तर हसून हसून खाली बसलेली.

मेंढरं बसली. सकाळी फक्कीची रेघ खुरांखाली कुठं गेली ते दिसेना, सगळं अंगण काळं झालं होतं. वाटेनं जाणारी एक बाई नाकाला पदर लावून म्हणाली, ‘काय गं, आता दारात ऊस लावतीस का काय?’ आक्का म्हणाली, ‘ऊस तुज्या दारात लाव. माज्या दारात फुलं येनार.’ पण तिथं ती चुकली. तिनं लगेच टिकावानं जमीन फोडून घेतली, आष्ट्याच्या बाजारातून झेंडूची रोपं आणली, लावली, आणि रोज नळीनं पाणी पाजलं. आठवडाभरात पानं कडेनं करपली, रोपं माना टाकून बसली. खत गरम होतं. माणात असतं तर तिचं असं झालं नसतं. तिथं खत पडल्यावर पावसाची वाट बघावीच लागते आणि तोवर ते आपोआप मुरतं. इथं नळाला पाणी आहे म्हणून ती थांबली नाही. ‘पान्यानं माजं डोस्कं फिरवलं,’ असं तीच मला म्हणाली. भाऊजींनी करपलेली रोपं बघितली आणि पुन्हा गवंड्याला निरोप धाडला. त्या वेळी मात्र आक्काचा आवाज चढला. ‘यवढा पाऊसकाळ जाऊंद्या. दसऱ्याला दारात फूल दिसलं न्हाई तर मी सवता इटा उचलून दीन गवंड्याला.’

पाऊसकाळात तिनं पुन्हा लावलं. या वेळी मीही तिच्याबरोबर मातीत होते. झेंडू, शेवंती, गलांडा, कोरांटी, मोगरा, जास्वंद. रोप कुठल्या दारासमोर लावायचं असं तिनं कधी बघितलं नाही, कुठं ऊन जास्त येतं तेवढं बघायची. आणि नळी बंद केली. तिच्या माहेरी माणसानं आंघोळ करायची ती झाडाच्या बुडाशी, म्हणजे पाणी वाया जात नाही. न्हाण्याचा दगड एका जागी ठेवायचा नाही. आज या झाडाशी, उद्या त्या. तेच तिनं इथं सुरू केलं. दोन हातांनी उचलेल असा चपटा दगड होता, तो रोज संध्याकाळी जागा बदलायचा. इथं पाण्याला तोटा नव्हता, पण तिला आता नळाच्या पाण्याचा भरवसा वाटत नव्हता. आम्ही बायका आत न्हाणीत. पुरुषांनी मात्र अंगणात, जिथं दगड असेल तिथं. भाऊजी कुरकुरले. ‘आवं, बसा गप. आणि साबण कमी लावा, झाडाला झोंबतोय,’ असं ती त्यांना म्हणायची. आमच्या मालकांची तर फारच पंचाईत. दगड कधी आमच्या दारापुढं, कधी भाऊजींच्या. ज्या माणसाशी बोलायचं नाही त्याच्या दारापुढं टॉवेल लावून बसायचं! पहिले काही दिवस ते आतच न्हाले. मग आक्का आमच्या दारात येऊन मालकांना म्हणाली, ‘जास्वंद सुकली तर तुमच्या नावानं सुकंल बघा.’ आईच्या जागी मानत होते तिला. गेले मुकाट.

भाऊजी आधी न्हायचे, मालक नंतर. एकमेकांची वेळ टाळायची हे दोघांनी न बोलता ठरवलेलं. पण एक दिवस सकाळी भाऊजींना रानातून यायला उशीर झाला. मालक टॉवेल घेऊन बाहेर आले तर दगडावर भाऊजी, तोंडाला साबण, डोळे गच्च मिटलेले, आणि बादली रिकामी. हातानं चाचपत ओरडत होते, ‘पानी! कोन हाय रं तितं? डोळं चुरचुरत्यात!’ मी खिडकीत होते, आक्का ओट्यावर होती. तिच्या हातात भरलेली घागर होती, पण ती हलली नाही. माझ्याकडं बघून तिनं ‘थांब’ अशी नुसती मान हलवली... मालक दोन पावलं मागं गेले, थांबले, मग ओट्यापाशी आले आणि तिच्या हातातली घागर घेऊन त्यांनी भाऊजींच्या डोक्यावर सावकाश ओतली. भाऊजींनी डोळे उघडून बघितलं.  म्हणाले, ‘लय गार हाय की रं.’ मालक म्हणाले, ‘मग काय तापवून आनू?’ बस, एवढंच. पण त्या दिवसापासून ‘त्येला सांग, त्येला सांग’ बंद झालं.

दसऱ्याला दोन्ही दारांची तोरणं अंगणातल्या झेंडूची झाली. पुढं शेवंतीला असा बहर यायचा की शाळेच्या पोरी जाता-येता थांबायच्या. आक्का कुणाला नाही म्हणायची नाही. फक्त ‘कळी तोडू नगा गं’ एवढंच. विटा बरेच दिवस पडून होत्या. मग तिनं त्या एकेक करून वाफ्यांच्या कडेला लावल्या. भाऊजींनी बघितलं, पण अडवलं नाही. मधल्या काळात आमच्याकडं फरशी घातलेली न्हाणीघरं झाली, गरम पाण्याचे बंब आले, पण पुरुष बाहेरच न्हायचे. पाहुणा आला तरी त्याची सुटका नव्हती. माझ्या भावाला एकदा थंडीत गलांड्यापाशी बसवलं, तो अजून नाव काढतो.

हे लिहिता लिहिता बरेच दिवस गेले, आता परवाचं सांगते. दिवस घालून झाले, पाहुणे गेले. आक्काचा मुलगा संतोष पुण्याला नोकरीला असतो, तो तेवढा राहिला होता. पोरगा गुणी आहे, वाईट मनात ठेवून बोलला नाही. संध्याकाळी ओट्यावर सगळे बसलो होतो. तो भाऊजींना म्हणाला, ‘आबा, आता या झाडांचं कोण करणार? तुमचं वय झालं, काकूंनी तरी किती करायचं? मधून भिंत घालू, आपल्या बाजूला ब्लॉक बसवू. गाडी लावायला पण होईल.’ माझ्या हातातली परात तशीच राहिली. मालक पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होते. त्यांना काही बोलायचा हक्क नव्हता, निम्मं अंगण भाऊजींचंच होतं. आक्का गेल्यापासून भाऊजी आतच न्हात होते आणि कुणाशी बोलतही नव्हते. मला वाटलं, संपलं. भिंतीला थांबवणारं माणूसच राहिलं नाही.

 भाऊजी म्हणाले, ‘घाल की. पर मला आधी सांग, भिंतीच्या कुटल्या बाजूला न्हाऊ मी?’

 भाऊजी उठले, काठी टेकत अंगणात गेले. दगड जास्वंदीपाशी होता, आक्कानं दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी ठेवलेला. त्यांना तो उचलेना. मालक धावले, तर भाऊजींनी हातानंच त्यांना थांबवलं आणि संतोषला हाक मारली. ‘ये. उचल.’ त्यानं उचलला. ‘कुठं ठेवू, आबा?’ भाऊजी थोडा वेळ वाफ्यांकडं बघत उभे राहिले. आयुष्यात कधी एका रोपाला त्यांनी हात लावला नव्हता, सगळ्यांना ‘फुलं’च म्हणायचे.

‘त्या पांढऱ्या शेवंतीला ठिव,’ ते म्हणाले. ‘तिला लय दिवसांत मिळालं न्हाई. सकाळी पयला तूच बस.’