अण्णाने लिहिलेला भाग

माझा थोरला भाऊ होटगीला रेल्वेच्या सिग्नल खात्यात होता आणि मी सोलापुरात एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. आम्ही दोघांनी मिळून सहा वर्षं एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. म्हणजे कॉम्प्युटर चालू केल्यावर जे सगळ्यात आधी जागं होतं आणि बाकी सगळ्यांना कामाला लावतं, ते. अशा चांगल्या, तयार बाजारात मिळतात. आमची कुणालाच नको होती. अण्णा म्हणायचा, "कुणाला पायजे म्हणून करतोय का आपण? आत कसं चालतं ते कळाया नको?"

सुरुवात त्याचीच. नवी पेठेतल्या एका दुकानाने अडगळीत टाकलेला कॉम्प्युटर त्याने मागून आणला आणि दर रविवारी मी सकाळच्या गाडीने होटगीला जायला लागले. वहिनी उप्पीट करायची. ते खाऊन आम्ही क्वार्टरच्या पुढच्या खोलीत बसायचो ते जेवणाची हाक येईपर्यंत. पहिले दोन महिने तर मशीन सुरू व्हायचं आणि लगेच स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं. मग एका रविवारी काळ्या पडद्याच्या कोपऱ्यात एकच पांढरं अक्षर उमटलं. अण्णाने वहिनीला हाका मारून बोलावलं, "अगं ये की लवकर! आपण उमटवलंय हे!" ती कणकेच्या हातांनी आली, बघितलं आणि म्हणाली, "एवढंच?" आम्ही दोघं पोट दुखेपर्यंत हसलो.

पडदा आणि कीबोर्ड माझ्याकडे होते, डिस्क त्याच्याकडे. लिहिलेली फाइल डिस्कवर कुठे ठेवायची आणि मशीन बंद करून पुन्हा चालू केल्यावर ती परत कशी शोधायची, हे सगळं त्याचं. डोकं अतिशय चांगलं, पण कागदावर काही मांडून ठेवायची सवय नाही. प्रोग्राममध्ये पुढच्या माणसासाठी मधेमधे टिपा लिहिता येतात. त्याच्या टिपा इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत असायच्या. एके ठिकाणी होतं, 'हितं हात लावू नको. नंतर सांगतो.'

"आत्ताच सांग की," मी म्हणायची.

"आधी नीट होऊ दे. लई गुंता हाय तितं."

एका गुरुवारी सकाळी वहिनीचा फोन आला. "ताई, हे कसंतरीच बोलायलेत. दात घासताना ब्रश पडला हातातनं." मी धावत हॉस्पिटलात पोचले तोवर त्याला आत नेलं होतं. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं.

चौथ्या दिवशी तो "नीरु" म्हणाला. नीरु म्हणजे पाणी, कानडीत. आमची आई अक्कलकोटकडची, तिने आम्हाला कानडीतच वाढवलं. आई गेल्यावर घरात कानडी कुणी बोललं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, नंतर शिकलेली भाषा जाते आणि पहिली राहते. मी त्याला पाणी पाजलं आणि बाहेर येऊन वहिनीला सांगितलं. ती बार्शीची, तिला कानडीचा गंध नाही.

"लग्नाला बावीस वर्षं झाली, ताई," ती म्हणाली, "आणि आता माझा नवरा काय म्हणतोय ते मी तुम्हाला विचारायचं."

खरंच तसं झालं. ती दिवसातून चारदा फोन करायची, फोन त्याच्या तोंडाशी धरायची आणि मी तिला अर्थ सांगायची. भूक लागलीये. खिडकी लाव. पोरीला मारू नका, असंही एकदा म्हणाला. त्यांना मूल नव्हतं. पोर म्हणजे लहानपणची मी असणार; ते वाक्य मी वहिनीला सांगितलं नाही.

सहा महिन्यांनी तो काठी घेऊन चालायला लागला, तेव्हा मी लॅपटॉप घेऊन गेले. मला वाटलं, मराठी गेली असली तरी हे गेलं नसेल. त्याने लिहिलेला भाग उघडून त्याच्यापुढे ठेवला. तो बराच वेळ बघत राहिला. डाव्या हाताचं बोट एका ओळीवरून हळूहळू सरकलं, पुन्हा मागे आलं.

"गोत्तिल्ला," तो म्हणाला. माहीत नाही.

मी दुसरं पान काढलं. मग तिसरं. माझ्या मोडक्या कानडीत विचारत राहिले, हे काय, आणि हे? परीक्षा घ्यावी तशी. शेवटी त्याने डाव्या हाताने लॅपटॉप धाडकन मिटला आणि मान खाली घालून रडायला लागला.

वहिनी आतून आली. "पुरे करा, ताई. स्वतःला आता काही कळत नाही, हे त्यांना कळतंय. मला बघवत नाही ते."

त्या सकाळची मला अजून लाज वाटते.

त्याच्या भागात एक चूक राहिली होती. फाइली वाढल्या की जुन्या नाहीशा व्हायच्या. ती शोधण्यात मी वर्ष घालवलं. त्याने बांधलेला गुंता मला उलगडला नाही. मग मी तो भाग सगळाच्या सगळा काढला आणि त्या जागी माझा लिहिला, पुस्तकात असतो तसा सरळ, सोपा. सात आठवडे लागले. फाइली हरवायच्या थांबल्या. पहिल्यांदा सगळं नीट चाललं तेव्हा मी कॉलेजच्या लॅबमध्ये होते, मुलं डबा खायला गेली होती. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. त्याचा भाग एका पेन ड्राइव्हमध्ये जपून ठेवलाय, पण जे चालत होतं त्यात त्याची एक ओळही उरली नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत मी ती सिस्टिम होटगीला घेऊन गेले. त्या दिवशी त्याचा चेहरा मोकळा होता. मी एक फाइल लिहिली, मशीन बंद केलं, चालू केलं, फाइल जागेवर. तो पुढे सरकला. डाव्या हाताने एकेक बटण दाबत राहिला आणि अक्षरं उमटताना बघून हसला. मग विचारलं, "यारु माडिद्दु?"

कुणी केलं? तेवढं कानडी तोवर वहिनीलाही यायला लागलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं.

"नीने, अण्णा," मी म्हटलं. तूच.

लहान मूल थाप मारताना आपण जसं बघतो तसं त्याने माझ्याकडे बघितलं आणि नाही अशी मान हलवली. वहिनी म्हणाली, "खरंच हो, तुम्हीच केलंय." ती खरं समजून बोलत होती. मी जे काढून टाकलं होतं ते तिला ठाऊक नव्हतं, आणि अजूनही नाही.

त्यानंतर मी त्या सिस्टिमवर काही काम केलेलं नाही. एकदोनदा बसून पाहिलं, पण मन लागेना. रविवारी होटगीला मात्र जाते. हल्ली तो मला अव्वा म्हणतो, म्हणजे आई. शब्द चुकतोय की त्याला खरंच तसं वाटतंय, ते कळत नाही. मागे एकदा वहिनी त्याला सांगायला गेली, "अहो, ह्या ताई, तुमची बहीण." मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "म्हणू दे, वहिनी."