ॲलर्जीपुढचा रिकामा रकाना

“डॉक्युमेंटेशन? तयारच आहे, मॅडम! शुक्रवारी घेऊनच येतो,” म्हणून तन्मयदांनी फोन ठेवला आणि ते माझ्याकडे वळले. “मृणाल, आपल्याकडे डॉक्युमेंटेशन आहे का गं?”

नव्हतं. तन्मयदा, म्हणजे बंगालीत तन्मयदादा, आमच्या कोलकाता ऑफिसचे प्रोजेक्ट मॅनेजर. ‘तयार आहे’ हे त्यांच्या भाषेत भविष्यकाळाचं रूप आहे.

फोन क्लायंटचा होता, म्हणजे हावड्यातल्या एका नर्सिंग होमचा. पेशंटच्या नोंदणीपासून डिस्चार्जपर्यंत सगळं आमच्या कंपनीच्या वेब ॲप्लिकेशनवर चालायचं. माहिती डेटाबेसमध्ये, म्हणजे टेबलांत साठते. टेबलातल्या नाव, वय अशा रकान्यांना आम्ही कॉलम म्हणतो. कुठल्या कॉलममध्ये काय आहे आणि कशासाठी, हे लिहून ठेवणं म्हणजे डॉक्युमेंटेशन. ते ॲप्लिकेशन बनवतानाच लिहायचं असतं म्हणे. आमचं ज्यांनी बनवलं, ते कधीच बंगळूरला निघून गेले होते.

हाताने लिहायला वेळ नव्हता, म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला, म्हणजे स्क्रिप्ट. ती सोर्स कोड वाचायची, म्हणजे प्रोग्रामरांनी लिहिलेला मूळ मजकूर, आणि प्रत्येक कॉलमपुढे मांडायची: ही माहिती कोणती स्क्रीन भरते, कोणती वाचते, आणि प्रोग्रामरने शेजारी लिहिलेली टीप.

सगळं छान निघालं. फक्त ‘ॲलर्जी’पुढे आलं: भरते – रिसेप्शन. वाचते – कोणी नाही. टीप – ‘डेमोपुरतं. नंतर जोडू.’

स्क्रिप्टच चुकली असेल, अशी मला आशा होती. मी टेस्ट सिस्टिममध्ये एक खोटा पेशंट भरला, पेनिसिलिनची ॲलर्जी असलेला. डॉक्टरांची स्क्रीन उघडली. नाव होतं, वय होतं, विम्याची कंपनी तर ठळक अक्षरांत होती. ॲलर्जीचा पत्ता नव्हता.

तन्मयदांना दाखवलं.

“हे फार निगेटिव्ह दिसतंय,” ते म्हणाले. “एआयकडून जरा प्रोफेशनल लिहून घे ना.”

घेतलं. एआयने कोड न बघताच लिहिलं: ‘रुग्णसुरक्षेसाठी अत्यावश्यक माहिती. डॉक्टरांना तत्काळ उपलब्ध.’

“बघ, किती सुंदर!”

“पण ते खरं नाहीये, तन्मयदा.”

“नंतर जोडू ना आपण.”

टीप लिहिणारा कुणाच्या हाताखाली तयार झाला होता, ते कळलं. मी स्क्रिप्टने लिहिलेलंच प्रिंट केलं.

शुक्रवारी आम्ही हावड्याला गेलो. नर्सिंग होमच्या प्रमुख डॉ. पाल पानं उलटता उलटता थांबल्या. “ॲलर्जी कोणीच वाचत नाही म्हणजे काय?”

“फॉरमॅटिंगचा प्रॉब्लेम आहे, मॅडम,” तन्मयदा चटकन म्हणाले.

“नाही मॅडम. रिसेप्शनला भरलेली ॲलर्जी डॉक्टरांना दिसतच नाही. पहिल्या दिवसापासून.”

डॉ. पालांनी लगेच इंटरकॉम उचलला. “आत्तापासून ॲलर्जी लाल पेनने केसपेपरवर लिहायची. सगळ्या वॉर्डांत कळवा.” फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. “कुणाला काही झालंय का, ते मी आज स्वतः बघणार आहे.”

संध्याकाळी त्यांचा फोन आला. कुणालाही काही झालं नव्हतं. आमच्या स्क्रीनवर एकाही डॉक्टरचा विश्वास नव्हता, त्यामुळे प्रत्येक जण पेशंटला ॲलर्जी पुन्हा तोंडीच विचारायचा. आमच्या सॉफ्टवेअरच्या दर्जाने माणसं वाचवली, असं म्हणायला हरकत नाही.

कॉलम पुढच्या आठवड्यात जोडला. कॉन्ट्रॅक्टही टिकलं. तन्मयदांच्या प्रेझेंटेशनमध्ये आता माझी स्क्रिप्ट ‘आमची रुग्णसुरक्षा प्रणाली’ म्हणून येते, आणि माझ्या अप्रेझलमध्ये ‘क्लायंटसमोर संयम वाढवावा’ असा शेरा आला.

तेव्हापासून एक शिकले. डॉक्युमेंटेशनचं वाक्य फारच सुंदर वाटलं, की आधी कोड उघडून बघायचा.