भिंतीत घातलेले खांब

सोनपेठेकडून गोदावरीकडं जाताना आमचं गाव लागतं. गावाच्या वरच्या अंगाला महादेवाचं काळ्या दगडाचं जुनं देऊळ होतं. चुना नाही, माती नाही, नुसता दगडात दगड बसवलेला. निजामाच्या सरकारातला, जुन्या इमारती सांभाळणारा एक अंमलदार एकदा ते बघायला आला. त्यानं देवळापाशी उर्दू पाटी लावली. गावात उर्दू वाचणारे आम्ही दोघं-तिघंच, म्हणून ती माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतली. दगडाला हात लावायचा नाही, असा हुकूम होता. जाताना तो म्हणाला, "भाई, मैं तो चला. अब तुम देखना." मी मान डोलावली. मनातून सुखावलोही.

पुढं निजामीचं शेवटचं वर्ष आलं. आसपासच्या गावांवर धाडी पडायला लागल्या. आमचं मातीचं गावकूस जागोजागी ढासळलेलं. चावडीवर सगळे जमले. भिंतीला दगड कुठून आणायचा, हा प्रश्न होता. देवळाचं नाव पहिल्यांदा माझ्याच तोंडून निघालं. माझी लेक तेव्हा रांगत होती.

म्हातारा गुरव देवळाच्या उंबऱ्यावर बसून राहिला. मी म्हणालो, "बाबा, गाव राहिलं तर देव राहील."

"देवाला काय व्हायलंय?" तो म्हणाला. "मी माझ्या आज्याचं म्हणायलोय. आमचे समदे इथंच टेकून बसायचे."

"गावात लेकरंबाळं हायत, बाबा."

"मग काढा. गाभारा तेवढा ठिवा." असं म्हणून तो स्वतःच उठून बाजूला झाला.

ठेवू म्हणालो. पहारी लावून मंडपाचे खांब पाडले, बैलगाड्यांवर घालून ओढले. जमेल तिथं कोरीव बाजू भिंतीत आत वळवली, डोळ्यांपुढं नको म्हणून. पण मंडपाचा आधार गेल्यावर गाभारा हलला, आणि पावसाळ्यात त्याचं छतही खाली आलं.

आमच्या गावावर धाड आलीच नाही. सप्टेंबरात हिंदी फौजा आल्या, निजामी संपली. भिंत तेव्हा अर्धीच झाली होती.

काही महिन्यांनी तोच अंमलदार आला. मोकळ्या जोत्यापाशी उभा राहून त्यानं विचारलं, "किसने किया?"

"हम सब ने. पहले मैंने कहा था."

"बच्चे हैं तुम्हारे?"

"एक लड़की."

मग त्यानं खडू मागवला आणि भिंतीतले ओळखू येतील ते खांब मला दाखवायला लावले. एकेकावर खूण करत गेला. कोरीव काम फुटलं होतं तिथं थांबून बोट फिरवायचा. त्यानं एखादी शिवी हासडली असती तर मला बरं वाटलं असतं.

ते खांब पुन्हा उभे राहिले नाहीत. तो अंमलदारही परत दिसला नाही. आम्ही पिंडीवर पत्रे टाकले. गुरव मरेपर्यंत त्यांखाली पूजा करत राहिला आणि मी गेलो की पूर्वीसारखाच माझ्या हातावर बेल ठेवायचा. मला त्याच्याकडं बघवत नसे.

लोक म्हणतात, "तुमी गावासाठी केलं, मनाला लावून घिऊ नका." तेही खोटं नाही. पण गावापासून कोसभर अंतरावर माळाला दगडाची खाण होती. चावडीवर बसलेल्या प्रत्येकाला ती ठाऊक होती, मलाही. तिथला दगड फोडावा लागला असता. देवळाचा घडवलेला होता, आणि जवळ होता.