मामंजींचं पाऊल आणि बागेचा नकाशा

माझे सासरे जमीन पायांनी मोजत. नोकरीत त्यांच्याकडे साखळी होती, ती धरायला दोन माणसंही होती. पण साखळी उलगडण्याआधी ते एकदा बांधावरून चालून येत, आकडा सांगत, आणि मग साखळीही तोच आकडा सांगे. जुन्या हैदराबाद संस्थानात ते मोजणीदार म्हणून लागले. पुढे संस्थान गेलं, परभणीकडचा मुलूख महाराष्ट्रात आला, साहेब बदलले, कागदांची भाषा बदलली, पण त्यांचं पाऊल अडीच फुटांचंच राहिलं. हे मी नाही, ते सांगायचे. दिवसातून एकदा तरी सांगायचे.

सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे हैदराबादेत काचीगुड्याला राहायला आले. मी त्यांना मामंजी म्हणायचे. माझे यजमान बँकेत होते आणि मी कोठी भागातल्या एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायला होते. आमचं घर दारापासून गॅलरीपर्यंत तेरा पावलांचं निघालं, आणि तेरा पावलांत माणसानं चालायचं किती, असं म्हणत मामंजी महिनाभर सगळ्यांवर चिडचिड करत राहिले. भाजीत तिखट कमी, नळाला पाणी कमी, घराला जमीन कमी. मीही काही गरीब गाय नव्हते. एकदा मी म्हणाले की शहरात जमीन भिंतीला उभी लावलेली असते, ती वर बघून मोजायची. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

जानेवारीत आम्ही त्यांना नामपल्लीला नुमाइश, म्हणजे दरवर्षी भरणारं मोठं प्रदर्शन, दाखवायला नेलं. मी चादरींच्या दुकानात अडकले आणि मामंजी गायब झाले. तासभर आम्ही घाबरेघुबरे होऊन शोधत होतो. ते सापडले जवळच्या मोठ्या बागेत, एका बाकावर, आरामात. मला बघून म्हणाले, "बाग चांगली हाये. मोजाया पाहिजे."

दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी बस धरून बागेत जाऊ लागले. घरात शांतता नांदू लागली. सुटीच्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर जायचे, आणि खरं सांगते, मला ती बाग घरापेक्षा आवडायला लागली. सकाळी डॉक्टरांनी दम दिलेली मंडळी झपाझप चालत असत, त्यांच्यामागून त्यांच्या बायका गप्पा मारत सावकाश येत. स्टेशनावर गाडीला अवकाश असलेली कुटुंबं बोचकी उशाशी घेऊन गवतावर पडलेली असत. जवळच्या दवाखान्यात ज्यांची बाळं होती, त्यांचे नातलग धुतलेली लंगोटं मेंदीच्या कुंपणावर वाळत घालत आणि माळ्याची पाठ वळेपर्यंत थांबत. माळ्याला ते दिसत असे, म्हणूनच तो पाठ वळवत असे. रविवारी दुपारी झाडाखाली चादरी पसरायच्या, डबे उघडायचे, आणि बिर्याणीचा वास थेट बसथांब्यापर्यंत जायचा. मामंजींना एक दोस्तही मिळाला होता, एक निवृत्त उर्दू मास्तर. दोघं एकाच बाकावर बसून अख्ख्या राज्याचा कारभार सुधारत.

ते दिवस सगळंच सुधारायचे होते. बाजारात नव्या गाड्या, नवे साबण, टीव्हीवर परदेशी वाहिन्या आल्या होत्या. आमच्या ऑफिसातही एक कॉम्प्युटर आला होता. त्याच्यावर कायम प्लास्टिकचं कव्हर असे आणि ते फक्त बडं गिऱ्हाईक आलं की निघे. नकाशे आम्ही ट्रेसिंग कागदावर हातानंच काढत होतो. अशात आमच्या साहेबांना बागेच्या सुधारणेचा आराखडा करायचं काम मिळालं. कारंजं दुरुस्त करायचं, चालायला पक्की वाट करायची, नवे दिवे लावायचे, गाडीची वाट बघणाऱ्यांसाठी एक छपरी बांधायची. छपरीची कल्पना माझी होती, म्हणून ती मी इथं नोंदवून ठेवते.

बाहेरची भिंत आणि मोठा रस्ता मी ऑफिसच्या शिपायाबरोबर टेप लावून मोजला. आतल्या वळणावळणाच्या वाटा राहिल्या होत्या, तेवढ्यात शिपाई लेकीच्या लग्नाला महबूबनगरला निघून गेला. साहेबांना मोजमाप आठवड्यात हवं होतं. मी घरी जेवताना सहज रडगाणं गायलं, आणि मामंजींनी घास खाली ठेवला.

"मी हाये ना," ते म्हणाले.

यजमानांनी मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं की पंच्याहत्तरीच्या माणसाच्या पावलांवर सरकारी काम करू नकोस. मी म्हणाले, तुम्हाला तुमच्या वडिलांची किंमत नाही. आता मागे वळून बघताना वाटतं की मला मामंजींचा अभिमान होता हे जितकं खरं, तितकंच एकटीनं टेप ओढायचा मला कंटाळा होता हेही खरं.

दुसऱ्या दिवशी मामंजींनी ट्रंकेतला कोट काढला, बुटांना पॉलिश केलं. बागेत मी सवयीनं पिशवीतून टेप काढली तर त्यांचा चेहरा पडला.

"टेप कामून आणली? माह्या पावलावर भरोसा नाही का?"

मी टेप परत पिशवीत टाकली. ते मान ताठ ठेवून चालू लागले. मोजताना त्यांच्याशी बोलायचं नव्हतं. कुणी सलाम केला तरी ते फक्त हात वर करत. प्रत्येक वाटेच्या शेवटी थांबून आकडा सांगत आणि मी लिहून घेत असे. कारंज्याची वाट तीनशे पावलं. गुलाबांची वाट दोनशे चाळीस. चार दिवस असं चाललं. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. घरी येऊन ते कमी तिखटाची भाजी निमूट खात.

मग मी नकाशा काढायला बसले आणि माझी पाचावर धारण बसली. प्रत्येक पाऊल अडीच फूट धरून वाटा काढल्या, तर त्या बागेत मावेनात. गुलाबांची वाट भिंत ओलांडून थेट बसथांब्यावर निघाली. कारंजं शेजारच्या इमारतीत गेलं. मी तीन वेळा कागद फाडला. आधी वाटलं, भिंतच मी चुकीची मोजली. शिपाई लग्नाहून परतल्यावर त्याला घेऊन मी मामंजींच्या नकळत एका दुपारी कारंज्याची वाट टेपनं मोजली. ती साडेसातशे फूट असायला हवी होती. साडेसहाशे भरली.

मी तिथंच गवतावर बसले. बाग तेवढीच होती. मामंजींचं पाऊल आखूड झालं होतं, आणि ते त्यांना ठाऊक नव्हतं. मला फार वाईट वाटलं. माणसाजवळ नोकरी नव्हती, बायको नव्हती, जमीन नव्हती. अडीच फुटांचं पाऊल तेवढं होतं, आणि तेही गेलं होतं.

ऑफिसात परत येऊन मी हिशेब केला. साडेसहाशेला तीनशेनं भागलं तर पाऊल दोन फूट दोन इंचांचं निघालं. तेच पाऊल धरून गुलाबांची वाट काढून पाहिली, तर ती भिंतीच्या आत येऊन थांबली, जिथं थांबायला हवी तिथंच. मग सगळ्याच वाटा काढल्या. सगळ्या बसल्या. चार दिवसांत, इतक्या वळणांवर आणि चढउतारांवर, त्यांचं एकही पाऊल लहानमोठं पडलं नव्हतं. परत टेप लावायची गरजच उरली नाही. साहेबांनी नकाशा पाहून शाबासकी दिली, आणि मी ती गुपचूप घेतली.

घरी मामंजी रोज विचारत, "बसला का नकाशा?" मी म्हणे, बसला. खोटं नव्हतं ते. पण बाकावर ते मास्तरांना काय काय सांगत असतील, याची मला कल्पना होती. ही गोष्ट त्यांना कधीच कळू नये, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

आणि मग साहेबांनीच घोटाळा केला. आराखडा लोकांना बघायला बागेच्या फाटकाशी लावायचा ठरला, सूचना लिहायला शेजारी एक वही ठेवायची ठरली, आणि चालणाऱ्यांना कळावं म्हणून प्रत्येक वाटेवर तिची लांबी फुटांत लिहायचा हुकूम झाला. मी नको म्हणून पाहिलं. कारण विचारलं तर सांगता येईना. शेवटी माझ्याच हातानं मी कारंज्याच्या वाटेवर साडेसहाशे लिहिलं.

रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांना एकटं जाऊ द्यायचं धाडस माझ्यात नव्हतं. मास्तर फाटकाशी आधीच उभे होते.

"आओ मियाँ, बहू का नक्शा देखो. अच्छाच बनाए."

मामंजींनी चष्मा लावला. बोट ठेवून भिंत पाहिली, छपरी पाहिली, मग बोट कारंज्याच्या वाटेवर आलं आणि थांबलं. त्यांना गुणाकार करायला किती वेळ लागणार? मी मास्तरांच्या चपलांकडे बघत राहिले. मामंजी वळून कारंज्याच्या वाटेला लागले, मोजत गेले आणि मोजत आले. मास्तरांना काही कळलं नाही.

परत येऊन ते माझ्यासमोर उभे राहिले. थोडे दमले होते.

"तीनशेच भरली," ते म्हणाले. "तू टेप लावली व्हतीस?"

"हो. एकाच वाटेला."

"बाकीच्याला?"

"बाकीच्या तुमच्या पावलांवरच काढल्या. पाऊल बदलून धरलं."

"किती?"

मी सांगितलं. ते जमिनीकडे, स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले.

"समद्या वाटा बसल्या?"

"सगळ्या बसल्या मामंजी. कुठंही फरक नाही."

त्यांनी मान हलवली आणि सूचनांच्या वहीकडे गेले. वहीत दिवे हवेत, कुत्री आवरा, बिर्याणी बंद करा, बिर्याणी बंद करू नका, असं बरंच काही तीन-चार भाषांत लिहिलेलं होतं. ते बराच वेळ वाकून लिहीत होते. मग मास्तरांचा हात धरून ते बाकाकडे गेले, आणि मी वही ओढून पाहिली.

कारंज्याच्या वाटेवर म्हाताऱ्या माणसांसाठी मधे आणखी दोन बाकं टाकावीत, असं त्यांनी लिहिलं होतं. पहिलं शंभर पावलांवर, दुसरं दोनशे पावलांवर. खाली सही, हुद्दा मोजणीदार, निवृत्त. आणि सहीच्या खाली, सरकारी कागदावर लिहावं तशा स्वच्छ अक्षरात, एक ओळ: पाऊल दोन फूट दोन इंच धरावे.