बाजरीवर भगर

काकीची भगर मी बाजरीवरच दळली. आधीच्या गिऱ्हाइकाची बाजरी संपली होती, मोटर चालूच होती, आणि मी तिचा उपवासाच्या भाजणीचा, भगर-साबुदाण्याचा डबा तसाच वर ओतला. मशीन उघडणं नाही, दगड झाडणं नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी संकष्टी होती, हे मला ठाऊक होतं. शेजारची ही काकी लग्न होऊन गावात आल्यापासून दर संकष्टीला ओझरला जाते, हेही ठाऊक होतं. फक्त हात आणि डोकं एका वेळी एका ठिकाणी नव्हतं.

दर्शन करून ती घरी आली, सुनेने केलेलं थालीपीठ खाल्लं आणि डबा घेऊन तडक गिरणीत आली.

"चव लई बेस व्हती रे," ती म्हणाली. "तवाच मला शंका आली. बाजरी गेली ना त्यात?"

मी नाही म्हणायच्या बेतात होतो. तिने डब्यातलं पीठ तळहातावर घेतलं आणि माझ्या नाकापुढे धरलं. भाजणी पांढरीशुभ्र नसते हे मान्य, पण इतकी राखाडीही नसते. काकी ओरडली वगैरे नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "इतक्या वर्साचा उपास माजा," एवढंच म्हणून गेली.

आता यातली खरी गंमत सांगतो. गंमत म्हणजे माझ्यासाठी नव्हे. चाकणच्या बाजूला प्लास्टिकचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी अर्धं आयुष्य क्वालिटीला काढलं. प्लास्टिकचा काळा दाणा संपून पांढरा लावायचा, तर आधी मशीन पूर्ण रिकामं करायचं, पहिला माल फेकून द्यायचा, मग पुढचं. हे मी नव्या पोरांना इतक्या वेळा शिकवलंय की झोपेतही बडबडत असेन. आणि स्वतःच्या गिरणीत बाजरीवर भगर.

कंपनीने आमचा विभाग दुसऱ्या राज्यात हलवला आणि आम्हा पिकल्या केसांच्या मंडळींना घरी पाठवलं. पाठवण्याआधी एक कार्यक्रम ठेवला. माझ्या पुतणीच्या वयाची एक मुलगी आली, तिने पडद्यावर बांबूचं चित्र दाखवलं आणि सांगितलं, की वादळात बांबू वाकतो पण मोडत नाही, आपणही तसंच व्हायचं. मी क्वालिटीचा माणूस. हात वर करून विचारणार होतो, की हा बांबू कुणी आणि किती वाऱ्याला तपासलाय? पण शेजारच्याने हात खाली ओढला. चहा-समोसे झाले आणि आम्ही लवचीक होऊन बाहेर पडलो.

त्यानंतर जो उठतो तो मला सल्ला देतो. मेहुणा रोज सकाळी मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवतो. त्यात कोट घातलेला कुणीतरी मला सांगतो, की संकट ही संधी आहे. आळेफाट्याचे मावसभाऊ म्हणाले, हॉटेल टाक. चुलता म्हणाला, कशाला काय टाकतो, बोलावतील परत. पोल्ट्री काढ, विमा वीक, लेण्याद्रीच्या पायथ्याला रसवंती लाव. रस्त्याने जाणारा माणूस गाडी थांबवून विचारतो, "काय पावणं, लागलं का कुठं?" जणू मी शेताच्या बांधावरचा विजेचा खांब आहे आणि त्यात लाइट आली का बघायचंय.

गिरणी बायकोने सुचवली. घरापुढे जागा आहे, गावातली जुनी गिरणी बंद पडलीय, दळण सगळ्यांनाच लागतं. तिचं एवढंच म्हणणं. मी आधी तोंड वाकडं केलं. साहेब म्हणवून घेतलेल्या माणसाने पीठ उडवत बसायचं? मग दुसरं काहीच जमेना, तेव्हा उडवत बसलो. जम बसत आला होता. मुलाचं कॉलेज, घर, सगळं त्या दगडांवर फिरत होतं. आणि मी त्यातून काकीचा उपास मोडला.

देवळाच्या रांगेत, हापशावर, बचत गटात, सगळीकडे बातमी पोचली. बायका डोक्यावर डबे घेऊन माझ्या दारावरून खालच्या वाडीच्या गिरणीकडे जायला लागल्या. मधे सगळा ऊस. दिवस कलला की बिबट्याच्या भीतीने तिथून माणूस एकटा जात नाही, तरी या घोळक्याने जायच्या. बिबट्या परवडला पण मी नको, अशी माझी ख्याती. मी रिकाम्या गिरणीत बसून मेहुण्याचे व्हिडिओ बघायचो. यापेक्षा खाली जाता येत नाही.

अशात कंपनीतल्या जुन्या ठेकेदाराचा फोन आला. चाकणलाच, ठेक्यावर, गोदामात मोजदाद करायला माणूस हवा होता. तीन महिने, पुढचं पुढे. मी म्हटलं, कळवतो. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, तुमचं तुम्ही ठरवा, पण आधी काकीकडे जाऊन या.

गेलो. काकी शेंगा फोडत होती. मी चूक कबूल केली, भाजणीचं सामान भरून देतो म्हटलं. तिने मान वर केली नाही.

"सामान काय करायचं? परवा संकष्टी हाय. उद्या आमी येतो. आमच्या म्होरं मशीन उघड. मग बगू."

"आमी" म्हणजे गल्लीतल्या निम्म्या बायका. ओट्यावर ओळीने बसल्या. कंपनीत परदेशी पाहुणे तपासणीला यायचे, तेव्हा आम्ही आठवडाभर आधी रंग द्यायचो. इथे ती सोय नव्हती. मी दगड उचलला, ब्रशने झाडला, पिठाची कापडी नळी उलटी करून झटकली. एकीने कोपऱ्यातलं जाळं दाखवलं. दुसरीने माझी टोपी धुवायला सांगितली. मग काकीने पदरातून स्वतःची मूठभर भगर काढली आणि म्हणाली, टाक. खाली आलेलं पीठ तिने उन्हात धरून पाहिलं.

"अजून काळं हाय."

परत झाडलं. परत मूठ. परत ऊन. मी घामाने आणि पिठाने इतका भरलो होतो, की माझं थालीपीठ थापता आलं असतं. ते बोलून दाखवलं, कुणी हसलं नाही. शेवटी काकीने चिमूट जिभेवर ठेवली, जरा थांबली आणि आपला डबा पुढे सरकवला. तिच्यामागून बाकीच्यांनीही सरकवले.

नेमका तेव्हाच ठेकेदाराचा फोन. येतोस का नाही, आत्ता सांग, दुसरा माणूस उभा आहे.

मी ओट्याकडे पाहिलं. डब्यांची रांग लागली होती आणि काकी माझ्या हातांवर नजर ठेवून होती.

"नाही जमणार, राव," मी म्हटलं. "भगर चालू आहे."

त्याला काय कळलं असेल देव जाणे. दिवसभर फक्त उपवासाचं दळलं; गहू घेऊन आलेल्यांना दुसऱ्या दिवशी या म्हटलं. आता संकष्टीच्या आदल्या दिवशी तसंच चालतं, आणि मशीन उघडताना काकी हजर असते. तिचा विश्वास बसलाय असं मला वाटत नाही. तिला बघायला आवडतं, एवढंच.

त्या रात्री जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं. काकी काय म्हणाली, मी काय म्हणालो, फोन कसा आला, मी कसं ठामपणे नाही म्हटलं. ठामपणे हा शब्द दोनदा वापरला. तिने ऐकून घेतलं, ताटात भात वाढला.

"अहो, मी तिथंच उभी व्हते," ती म्हणाली. "कंपनीत होता तेव्हा घरी आल्यावर दोन शब्द बोलायचा नाहीत. आता गिरणी दारात, सगळं मला दिसतंय, तरी रोज ताटावर बसून पहिल्यापासून सांगताय. सांगा, सांगा. पण भात निवतोय, त्येवढा खात खात सांगा."