कुंडीतला लाल टोमॅटो

कागदावर जांभळा ठिपका उमटला की मला अजूनही आनंद होतो. काल कॉलेजच्या प्रयोगशाळेत असे तीन ठिपके उमटले. हिरव्या टोमॅटोच्या रसाचा फिकट, अर्धवट पिकलेल्याचा जरा गडद आणि लाल टोमॅटोचा अगदी दाट. "हे ग्लुटामिक आम्ल," मी मुलांना सांगितलं. "टोमॅटो पिकताना ते वाढत जातं. त्याला चव येते ती बरीचशी यातून."

तिन्ही टोमॅटो बाबांच्या गच्चीवरच्या कुंडीतले होते. सकाळच्या घाईत मी ते न विचारताच तोडून नेले होते.

संध्याकाळी बाबा गच्चीवरून खाली आले. "लाल झालेला एक होता ना गं?"

"मी कॉलेजात नेला, बाबा. प्रयोगासाठी."

"असू दे," ते म्हणाले. "तुझ्या आईसाठी ठेवला होता. आजारपणापासून तिला कशाचीच चव लागत नाही. म्हटलं, झाडावरच पिकलेला एखादा देऊन बघू."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. देठाला लागलेलं फळ आतून रोज थोडं थोडं बदलतं, हे मी वर्षानुवर्षं शिकवत आले. पण ते बदलताना बघायला बाबा रोज गच्चीचा जिना चढतात, हे एका घरात राहून मला दिसलं नव्हतं.

जेवताना आईने भाताचा घास नुसता गिळला आणि कौतुकाने विचारलं, "आज काय शिकवलंस?"

"टोमॅटो पिकताना काय होतं ते," मी म्हणाले. 'चव' हा शब्द काही केल्या तोंडातून निघेना.